देवसेनाचे सुख आणि स्वामिल्लदेवाचा तलाव

वाशीमवर चार ओळी लिहायची वेळ आली की राजशेखर येतोच. स्मरणिका असो, स्वागताध्यक्षांचे भाषण असो की शहराची माहितीपुस्तिका, ‘काव्यमीमांसे’च्या तिसऱ्या अध्यायातला तो उल्लेख ठेवणीतल्या शालूसारखा बाहेर काढला जातो. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो, त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग साऱ्या देशांतून फिरते आणि शेवटी विदर्भात, वत्सगुल्म नावाच्या नगरात, दोघांचे गांधर्व पद्धतीने लग्न लागते. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. राजशेखर या नगराला मदनाचे क्रीडास्थान म्हणतो. आमचे लोक एवढ्यावर खूश असतात. मदनाने राहायला निवडलेले गाव म्हणजे काय, आणि तिथे माणसे कशी जगली असतील, हा पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

मला तो प्रश्न बरीच वर्षे छळतो आहे. त्याच्या पोटात एक जुना आणि मोठा प्रश्न आहे: आयुष्य चांगले झाले असे आपण म्हणतो तेव्हा त्यात सुखाखेरीज आणखी काही असते का? की कीर्ती, ज्ञान, कर्तव्य ही सारी शेवटी सुखाचीच वेगवेगळी पात्रे, कुणाचे पितळेचे, कुणाचे चांदीचे? यावर ग्रीकांपासून आजपर्यंत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण वत्सगुल्माच्या वाकाटकांचे जे मोजके लेख आणि उल्लेख हाती लागतात, त्यांत हा वाद इतक्या नेमक्या स्वरूपात सापडतो की बाहेर जाण्यापूर्वी घरचे कागद पाहावेत, असे मला वाटते.

पहिला कागद ‘कामसूत्रा’चा. वात्स्यायनाने वत्सगुल्माचा उल्लेख केला आहे, हेही आमच्याकडे अभिमानाने सांगितले जाते. तो कुठे केला आहे, हे मात्र सांगितले जात नाही. परस्त्रियांविषयीच्या पाचव्या अधिकरणात, सत्ताधारी पुरुष आपली इच्छा कशी पुरी करून घेतात या प्रकरणात, निरनिराळ्या प्रदेशांतल्या चाली सांगताना तो आहे. वत्सगुल्मात बड्या अमात्यांच्या घरच्या स्त्रिया रात्री राजाच्या सेवेला जातात, असे वात्स्यायन नोंदवतो. नोंद कोरडी आहे. त्या स्त्रियांना काय वाटत होते, त्यांच्या घरच्यांना काय वाटत होते, याबद्दल अक्षर नाही. मदनाचे क्रीडास्थान म्हणताना खेळणारे कोण आणि खेळणी कोण, हा भेद या एका वाक्याने उघडा पडतो.

पण वात्स्यायनाला सुखवादी ठरवून मोकळे होणे हा त्याच्यावर अन्याय होईल. पहिल्या अधिकरणाच्या दुसऱ्या अध्यायात त्याने जो वाद मांडला आहे तो मूळातून वाचण्यासारखा आहे. तिथे लोकायतिक येतात आणि म्हणतात, धर्माचे फळ पुढे कधीतरी, तेही मिळेल की नाही शंका. उद्याच्या मोरापेक्षा आजचे कबूतर बरे. मग अर्थाचे चिंतन करणारे येतात आणि उलट बाजूने कामाला धारेवर धरतात: कामापायी इंद्र, कीचक, रावण यांचे काय झाले पाहा. वात्स्यायनाचे उत्तर असे की काम हा अन्नासारखा आहे, शरीर टिकवण्यासाठी लागतो. त्यात दोष असतात म्हणून तो टाकायचा नसतो. भिकारी येतील म्हणून कोणी चूल पेटवायचे थांबत नाही, हरणे येतील म्हणून कोणी पेरणी सोडत नाही. ज्याच्या शेतात दरवर्षी हरणे आणि रोही शिरतात त्या वऱ्हाडी माणसाला हा दृष्टान्त वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सुख हवे, पण ते अन्नाइतके. अन्न हे जगण्याचे कारण आहे, असे वात्स्यायन म्हणत नाही. धर्म, अर्थ, काम या तिघांत आधीचा नंतरच्यापेक्षा वजनदार, असे तो स्पष्ट सांगतो. आणि राजाच्या बाबतीत तर अर्थ सर्वांत वर, कारण लोकांचा सारा व्यवहार त्यावर उभा असतो.

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवून दुसऱ्या कागदाकडे येऊ. कागद म्हणजे दगड आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर भिंतीवर वराहदेवाचा लेख आहे. वराहदेव हा वत्सगुल्म शाखेचा शेवटचा मोठा राजा हरिषेण याचा सचिव. लेख झिजलेला, मधली कितीतरी अक्षरे गेलेली. वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या लेखांचा जो खंड १९६३ साली प्रसिद्ध केला त्यातून मी तो पहिल्यांदा वाचला, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, बाहेरचा वाचक म्हणून, दुपारच्या दोन तासांत जेवढे उतरवून होईल तेवढे उतरवत. संस्कृत मला शाळेत मिळाले नाही. कोश आणि व्याकरण शेजारी ठेवून मी जे काही शिकलो, ते या लेखाच्या निमित्ताने.

या लेखात वाकाटक राजांची मालिका येते. त्यात देवसेनाविषयी, म्हणजे हरिषेणाच्या वडिलांविषयी, एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे. त्याला हस्तिभोज नावाचा सद्गुणी अमात्य मिळाला. त्याच्यामुळे राजा निश्चिंत झाला आणि मनाला येईल तसा वागत सुखोपभोगात रमला. हस्तिभोज हा वराहदेवाचा बाप. म्हणजे लेख लिहविणारा आपल्या बापाची स्तुती करतो आहे, आणि त्या स्तुतीचा पुरावा म्हणून राजाची चैन देतो आहे.

मिराशींनी आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी या श्लोकाकडे मुख्यतः राजकीय माहिती म्हणून पाहिले: देवसेन विलासी, कारभार अमात्याच्या हाती. ते बरोबरच आहे. पण साहित्य म्हणून वाचले तर या श्लोकात एक अडचण आहे, आणि ती कवीलाही जाणवली असावी. चांगले आयुष्य म्हणजे सुखाचे आयुष्य असेल, तर या लेखातला सर्वांत यशस्वी माणूस देवसेन ठरायला हवा. त्याला काळजी नव्हती आणि मनाला येईल ते करता येत होते. याहून अधिक सुख कोणते? तरी लेख वाचून संपल्यावर आपल्या मनात मोठा उरतो तो हस्तिभोज. प्रशंसेचा सारा जोर त्याच्याकडे झुकतो. ज्याने सुख भोगले तो राजा एका वाक्यात आटोपतो; ज्याने ते दुसऱ्याला भोगू दिले त्याच्या गुणांचे वर्णन लांबते. वराहदेवाला तत्त्वज्ञान सांगायचे नव्हते, बापाचे नाव कोरायचे होते. म्हणूनच ही साक्ष मला जास्त भरवशाची वाटते. आणि वात्स्यायनाची कसोटी लावली तरी देवसेन उणाच पडतो, कारण राजाने अर्थ वर ठेवायचा होता.

अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली एक कल्पना मांडली होती. समजा, एक यंत्र आहे. त्याला जोडून घेतले की हवे ते सारे सुख अनुभवाला येते, मात्र प्रत्यक्षात आपण काहीच करत नसतो. जोडून घ्याल का? बहुतेक लोक नको म्हणतील, असे नोझिक यांना वाटले. देवसेनाला असे यंत्र मिळाले होते. फक्त ते माणसांचे होते.

याच देवसेनाच्या राज्यातला तिसरा कागद वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याचा आहे. मिराशींच्या त्या खंडात हा शिलालेख नाही. तो नंतर प्रकाशात आला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याचे मोल त्यातल्या तारखेमुळे. त्यावर शक ३८० हे वर्ष स्पष्ट आहे, म्हणजे इसवी सन ४५८-५९. वत्सगुल्माच्या वाकाटकांचा सारा कालक्रम या खुंटीला टांगलेला आहे. पण लेखाचा विषय तारीख नाही. देवसेन राजाचा आज्ञाधारक असलेल्या स्वामिल्लदेवाने सर्व प्राणिमात्रांच्या कल्याणासाठी सुदर्शन नावाचा तलाव बांधविला, हा त्याचा विषय आहे.

(सुदर्शन हे नाव ऐकून गिरनारच्या पायथ्याचा सुदर्शन तलाव आठवेल. मौर्यांच्या काळात झालेला तो तलाव स्कंदगुप्ताच्या वेळी पुन्हा फुटला आणि इसवी सन ४५६-५७ च्या सुमारास दुरुस्त झाला. म्हणजे तिकडे जुना सुदर्शन सावरला जात होता त्याच सुमाराला इकडे नवा खोदला जात होता. हा योगायोग की वत्सगुल्मात ती बातमी पोचली होती, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

राजा सुखात आहे, अमात्य कारभारात आहे, आणि त्यांच्या खालचा एक अधिकारी तलाव बांधतो आहे. तिघांपैकी कोणाचे आयुष्य चांगले, असे कोणी विचारले तर आपला हात आपोआप तलावाकडे जातो. तो का जातो, हे नीट सांगता आले पाहिजे.

सुखवादी यावर लगेच उत्तर देईल, आणि ते उत्तर हलके नाही. तो म्हणेल, तलाव चांगला आहे तो सुखामुळेच. एका देवसेनाच्या सुखापेक्षा हजार माणसांची आणि गुरांची तहान भागण्याचे सुख मोठे. तुम्ही माप बदललेले नाही, फक्त बेरीज मोठी केली. बेंथम आणि मिल यांचे हेच म्हणणे. मराठीत या मताची सर्वांत कसून झाडाझडती घेतली ती टिळकांनी. ‘गीतारहस्या’तली ‘आधिभौतिक सुखवाद’ आणि ‘सुखदुःखविवेक’ ही दोन प्रकरणे मंडालेच्या तुरुंगात लिहिलेली आहेत, जिथे बेरजेला फारसे सुख उपलब्ध नव्हते. टिळक अमेरिकेतल्या एका शहराचे उदाहरण देतात. तिथे ट्रामवेची परवानगी लवकर मिळावी म्हणून कंपनीच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्रामवे झाली, लोकांची सोय झाली, पण पुढे प्रकरण उघडकीस येऊन व्यवस्थापकावर खटला झाला. पुष्कळांचे पुष्कळ सुख एवढेच पाहायचे तर त्याला दोष का द्यावा? म्हणून टिळक म्हणतात, बाहेरचा परिणाम पाहून भागत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते.

बेरजेवरचा टिळकांचा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यांनी दाखवलेली वाट इथे उपयोगी पडत नाही. स्वामिल्लदेवाची बुद्धी कशी होती, हे कळायला आपल्याजवळ काहीही साधन नाही. त्याने पुण्यासाठी केले असेल, नावासाठी केले असेल, राजा लक्ष देत नाही म्हणून वैतागून केले असेल. त्याचे मन पंधराशे वर्षांपूर्वी विझले. तरी तलाव बांधणे ही चांगली गोष्ट होती, हा निर्णय त्यावाचून अडत नाही. म्हणजे ते चांगलेपण त्याच्या सुखात नाही आणि त्याच्या शुद्ध हेतूतही नाही.

मग कुठे आहे? मला वाटते, उत्तराचा धागा एका जुन्या जोडशब्दात आहे. अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात जनपदातल्या लोकांच्या ‘हितसुखा’साठी रज्जुक नेमल्याचे सांगितले आहे, आणि दाखला दिला आहे तो हुशार दाईच्या हाती मूल सोपवून निश्चिंत होणाऱ्या माणसाचा. हित आणि सुख एकच असते तर दोन शब्द जोडायची गरज नव्हती. दाई मुलाला काढा पाजते तेव्हा त्याला हित मिळत असते, सुख नाही. सुख ज्याचे त्याला कळावेच लागते. न जाणवणारे सुख हे सुखच नव्हे. हित मात्र न कळताही होते. स्वच्छ पाणी प्यायल्यामुळे जे मूल आजारी पडले नाही, त्याला आजारी न पडल्याचा आनंद कधी होत नाही. त्याला ते माहीतच नसते. तलावाचे बहुतेक काम असे मुकाट्याने चालते.

सुखवादी अजून हटणार नाही. ते मूल वाचले म्हणून पुढे त्याला सुखे भोगता आली, तीच बेरीज धरा, असे तो म्हणेल. इथे मी त्याला आमच्याकडच्या तेरवीला नेऊन बसवीन.

माझे वडील सालगडी होते. नंतर रोजगार हमीच्या कामावर पाझर तलावाची माती त्यांनी वाहिली, पुढे चार एकर कोरडवाहू कसली. ते गेले तेव्हा बायका म्हणाल्या, “जल्मात सुख नाई पायलं बापा त्यायनं.” ओसरीतला एक म्हातारा म्हणाला, “पन जल्माचं चीज केलं.” कोणी कोणाचे खोडून काढले नाही. दोन्ही वाक्ये खरी आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होते. ही वाक्ये काही आमच्याच घरची नाहीत. वऱ्हाडात कोणत्याही कष्टकऱ्याच्या तेरवीला ऐकू येतात, म्हणून इथे देतो. सुख हेच एकमेव माप असते तर पहिले वाक्य बोलल्यावर दुसरे बोलणे वेडेपणाचे ठरले असते. ज्याने सुख पाहिले नाही त्याच्या जन्माचे चीज कशाने होणार? आपली भाषा दोन मापे ठेवते, आणि दुःखाच्या दिवशीही त्यांची गल्लत करत नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीम होता. सुखातून दुःख वजा करून आयुष्याची शिल्लक काढायची रीत तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात निरुपद्रवी वाटते. आमच्याकडे ती रात्री अंधारात, सोसायटीचा आणि सावकाराचा हिशेब झाल्यावर, एकटा माणूस करतो. त्याची वजाबाकी चुकीची नसते. माप चुकीचे असते.

इथवर आल्यावर दुसऱ्या टोकाला घसरण्याचा धोका आहे आणि तो मला पहिल्याइतकाच खरा वाटतो. ‘जन्माचे चीज’ हे वाक्य ज्याने कधी कुदळ धरली नाही त्याच्या तोंडी गेले की त्याचा अर्थ बदलतो. तुम्ही कष्ट करा, सुखाचे काय एवढे, असे तो सांगू लागतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, खटले सोसले, ते याच ढोंगाविरुद्ध. शरीरसुख ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, ते स्त्रीलाही हवे असते आणि तिला नाकारण्याचा कोणाला हक्क नाही, हे त्यांनी ज्या काळात छापले त्या काळात ते छापायला धैर्य लागत होते. वत्सगुल्माच्या अमात्यांच्या घरच्या ज्या स्त्रियांविषयी वात्स्यायन गप्प आहे, त्यांची बाजू कर्व्यांनीच घेतली असती. स्वतः कर्व्यांच्या आयुष्यात सुख किती होते, हा मात्र वेगळा प्रश्न. नोकरी गेली, पैसा गेला, मासिक तोट्यात चालले. सुखाचा एवढा मोठा वकील आपले आयुष्य सुखाच्या मापाने जगला नाही.

सोळावे लेणेही या दुसऱ्या टोकाला जात नाही. वराहदेव लेखात म्हणतो की आयुष्य, तारुण्य, संपत्ती आणि सुख हे सारे चंचल आहे, म्हणून आईवडिलांप्रीत्यर्थ त्याने भिक्षूंसाठी हे निवासस्थान केले. इथे आपण वैराग्याच्या उपदेशाची वाट पाहतो. आणि तो काय करतो? लेण्याच्या खिडक्या, दारे, चित्रवीथी, खांब, इंद्राच्या अप्सरांच्या मूर्ती, पाण्याचे मोठे टाके यांचे वर्णन करतो, ही जागा सर्व ऋतूंत सुखाची आहे असे आवर्जून सांगतो. सुख चंचल आहे हे कळल्यावर त्याने सुख टाकून दिले नाही. दुसऱ्यांसाठी दगडात कोरून थोडे टिकाऊ केले.

लेखाहून पुढे जातो तो आतला चित्रकार. डाव्या भिंतीवर नंदाची कथा आहे. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद नवीन लग्न झालेल्या सुंदरीला सोडून भिक्षू होतो. त्याचा मुकुट घेऊन एक सेवक परत येतो आणि सुंदरी कोसळते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज पाहुण्यांनी या चित्राला ‘मरणासन्न राजकन्या’ असे नाव दिले. कथेच्या हिशेबाने हा विजयाचा प्रसंग आहे: एक माणूस सुखाच्या पाशातून सुटला. चित्रकाराने मात्र सारा जीव ओतला आहे तो त्या झुकलेल्या मानेत, सैल पडलेल्या बोटांत, तिला सावरणाऱ्या दासीच्या चेहऱ्यात. भिक्षूंच्या निवासात, भिक्षूंच्या रोजच्या डोळ्यांसमोर, त्याने सुख सोडण्याची किंमत कोणी मोजली ते रंगवून ठेवले. वराहदेवाने ते पुसायला सांगितले नाही. सुख हेच सर्वस्व नाही, असे म्हणताना ही भिंत नजरेआड करता येत नाही, आणि जे समीक्षक अजिंठ्याला सरसकट वैराग्याची कला म्हणतात ते ही भिंत नीट पाहत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तलावाविषयी एक गोष्ट राहिली. गिरनारच्या सुदर्शनाची दुरुस्ती करणाऱ्या रुद्रदामनाने आपल्या लेखात मुद्दाम सांगितले आहे की त्याने प्रजेवर कर किंवा वेठ न लादता, स्वतःच्या खजिन्यातून हे काम केले. असे सांगावे लागले याचा अर्थ इतर कामे वेठीने होत होती. वाकाटकांच्या दानपत्रांतही दान दिलेल्या गावाला वेठीतून सूट दिल्याचे लिहिलेले असते. म्हणजे बाकीच्या गावांना ती होती. हिस्से-बोराळ्याचा लेख याबाबत काही बोलत नाही. स्वामिल्लदेवाचे नाव आहे, राजाचे नाव आहे, तलावाला तर मोठे देखणे नाव आहे. माती वाहणाऱ्यांना मजुरी मिळाली की नाही, सर्व प्राणिमात्रांत तेही धरले होते की नाही, हे त्या दगडावर नाही. हित दुसऱ्याच्या सुखाचा बळी देऊन झाले असेल तर त्याला हित म्हणायचे का, याचे उत्तर स्वामिल्लदेवाच्या बाजूने देण्यासाठी मला तेवढी एक ओळ हवी होती.